काढून ठेवलेली शिडी

दुकानात त्यांची सत्तावीस माणसं होती. सोळा नवऱ्याकडची, अकरा नवरीकडची. त्यातलं एक सहा महिन्यांचं, आईच्या कडेवर, अनवाणी. म्हणजे चपलांचे जोड सव्वीस असायला हवे होते. दाराजवळच्या फळीवर ते एकतीस होते.

अश्विनीनं पुन्हा मोजले. वेळ भरपूर होता. बस्ता तिच्या लग्नाचा असला तरी तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं. दुकानातली गडीमाणसं आपल्या चपला गल्ल्याखाली सारतात, हे तिनं आल्याआल्याच पाहिलं होतं. दुसरं गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. शेठनं त्यांच्यासाठी सकाळी लवकरच शटर वर केलं होतं. जास्तीचे जोड फळीच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले होते. सगळे बायकांचे. एकाचा अंगठा तारेनं आवळलेला, एका रबरी जोडाची एक पट्टी निळी आणि एक पांढरी. म्हणजे या दुकानात आणखी पाच बायका होत्या, आणि त्या कुठंच दिसत नव्हत्या.

तिला अशी मोजायची सवय होती. बेलापूरच्या घरातून फिजिक्सची बी.एस्सी. होऊन ती नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेच्या कामाला लागली, भिंगारला एक खोली घेऊन राहिली, त्याला दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नसे. मग माणूस समोरच्या घराच्या कौलांच्या रांगा मोजतं.

गादीवर मधोमध भागिरथीबाई बसल्या होत्या, तिच्या होणाऱ्या सासूबाई. राहुरीकडच्या. पाऊण एकर अंगण सांभाळणाऱ्या बाईला असतो तसा त्यांचा आवाज होता.

"शेठ, मागल्या साली आमच्या पुतनीच्या बस्त्याला तुमी दिल्याल्या नऊवाऱ्या दोन धुन्यात मच्छरदानी झाल्या."

"मावशी, त्या तुम्ही समोरच्या दुकानातून घेतल्या असतील," रविराजशेठ हसत म्हणाले.

"समुरचा चहा बी हितल्यापरीस बरा हाय."

सगळे हसले. शेठनं आणखी चहा सांगितला. साड्यांच्या घड्या हवेत उघडत होत्या आणि गादीवर पडत होत्या. मानाच्या, देण्याघेण्याच्या, चुलत्यांच्या, माम्यांच्या. अश्विनीचे वडील, उत्तमराव, दोन्ही हात मांडीवर ठेवून कडेला बसले होते. मुलीचा बाप बस्त्यात बसतो तसेच. आईच्या पायाला प्लास्टर होतं म्हणून ती बेलापूरलाच राहिली होती. तिच्या जागी साळूमावशी आली होती आणि मावशीला आल्यापासून डुलकी लागत होती. सचिन, नवरा मुलगा, आरशासमोर सफारीचं कापड खांद्यावर टाकून उभा होता.

"पाणी कुठं मिळेल?" अश्विनीनं हळूच विचारलं. कानिफनाथ नावाच्या गड्यानं साड्यांवरून नजर न काढता मागे बोट दाखवलं.

मागे अरुंद बोळ होता. एका बाजूला मोरी आणि माठ, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांची चवड. ती माठातून पाणी पीत होती तेव्हा तिच्या तोंडासमोर एक डबा येऊन थांबला. पत्र्याचा, तेलाचा, साडीच्या काठांची कातरण वळून केलेल्या दोरीला बांधलेला. तिनं वर पाहिलं. छताला पाटाएवढं चौकोनी भोक होतं आणि त्यातून एक मुलगी खाली पाहत होती.

"कोन हाय? डबा भरून द्या की तेवढा."

अश्विनीनं डबा भरला. दोरी वर गेली. पाणी थोडं तिच्या केसांवर सांडलं.

"तुम्ही खाली का येत नाही?"

"शिडी काढलीय."

"कुणी?"

"रोजच काढत्यात. दुपारी जेवायला लावत्यात, मग सांजच्याला. गिऱ्हाइकाच्या पायात येती म्हने." मुलीनं मान आणखी खाली वाकवली. मग तिनं विचारलं, "तुमी बस्त्याच्या हायसा ना? हिकडं कोन येत न्हाई."

"आणि मधेच खाली यायचं झालं तर?"

यावर मुलीच्या मागून दुसरा, थोराड आवाज आला. "मग पानी कमी प्यायचं."

आत कोणीतरी हसलं. अश्विनीला हसू आलं नाही. खोक्यांच्या मागे, भिंतीला आडवी, लोखंडी शिडी होती. वरच्या टोकाला दोन आकडे. ती फार जड नव्हती. अश्विनीनं ती उभी केली, आकडे भोकाच्या कडेला अडकवले आणि साडीचा ओचा खोचून वर चढली. का चढली, असं तिला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की जोड पाच आहेत, बघू या.

पाचच होत्या. दोघी मशीनवर, तिघी खाली बसून साड्यांना टिकल्या आणि फॉल लावत होत्या. वर पत्रा इतका जवळ होता की उभं राहता येत नव्हतं. पिवळे बल्ब लोंबत होते. खिडकी नव्हती. पंखा होता, पण बंद.

"पंखा लावला की टिकल्या उडत्यात," मघाची मुलगी म्हणाली. तिचं नाव प्रज्ञा. भिंगारचीच होती, अश्विनीच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडची, आणि दोन वर्षांत दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. प्रज्ञा उजेडाआधी निघे आणि अंधारात परते. थोराड आवाजाची ती लंकाबाई. तिच्या तोंडात सुई होती आणि सुई न काढता तिला सगळं बोलता येत होतं.

"फॉल कुनाचा ह्यो, वळकलं का? तुमच्याच बस्त्यातला. सकाळी वर आला. घाई हाय म्हने."

अश्विनीनं हातात घेऊन पाहिला. टाके इतके बारीक होते की दिसतच नव्हते. कॉलेजात तिच्या एका मैत्रिणीनं याच दुकानातून साडी घेतली होती आणि हेच टाके कौतुकानं सगळ्यांना दाखवले होते. टाके कोण घालतं, असं तेव्हा कोणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

खाली बोळात कोणीतरी गुणगुणत आलं. "शिडी कुनी लावली रं?" कानिफनाथनं स्वतःशीच विचारलं, आणि ती काढली. हात सवयीनं चालत होते. त्यानं वर पाहिलंच नाही. शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला, मग तिच्यापुढं खोकी रचल्याचा; नवीन माल आला होता.

अश्विनीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मारू का हाक?" प्रज्ञानं विचारलं.

"नको. थांब जरा."

"तुमचंच लगीन हाय ना?"

"हो."

"मग आत्ता हुडकत येतील."

फळ्यांच्या फटीतून खालची गादी दिसत होती. अश्विनी पालथी पडून पाहू लागली. वरून माणसं म्हणजे नुसते भांग आणि टोप्या. आता शालूंची पाळी आली होती. तिचा शालू.

"ह्यो मोरपंखी काढा."

"मोरपंखी आमच्या नंदेला घेतला हुता, तिचं काय झालं म्हाईत हाय ना?"

"रंगानं हुतंय व्हय कुनाचं काय?"

"डाळिंबी बघा. पन पोरगी सावळी हाय. डाळिंबीत अजून काळी दिसंल."

"तिला इचारा की," साळूमावशी म्हणाली. जागी झाली होती वाटतं.

"तिला काय इचारायचं? ती सायन्स शिकलीय. ती म्हनंल धागा तपासून येते." मोठा हशा झाला. उत्तमरावही हसले, पाहुण्यांमध्ये हसावं लागतं.

अश्विनी सचिनकडे पाहत होती. बाकीच्यांचं तिला फारसं वाटत नव्हतं. साखरपुडा झाल्यापासून तो सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतून सायकलवर भिंगारला येई, आणि दोघं बसस्टँडसमोरच्या रसवंतीत उसाचा रस पीत बसत. फार बोलत नसत. पण तो यायचा. आता त्याचा भांग तिच्या बरोबर खाली होता. त्यानं सफारीचं एक कापड ठेवलं, दुसरं घेतलं. मग पहिलंच पुन्हा घेतलं. एकदा त्यानं मान वळवली तेव्हा ती फटीच्या आणखी जवळ सरकली. पण तो घड्याळात पाहत होता.

वर उकाडा वाढत होता. पत्र्याला हात लावला तर चटका बसला असता. मशीनचा आवाज थांबत नव्हता, आणि पाचही जणी आपापल्या कामात होत्या. तिच्या तिथं असण्याची त्यांना सवय झाली होती.

"आलाच हायसा तर माप देऊन जा," लंकाबाई म्हणाली आणि टेप घेऊन जवळ सरकली. "नाहीतर खालून चिठ्ठीवर येतंय आन ब्लाउज काखेत धरतंय." तिनं दंडाभोवती टेप गुंडाळला. हात घामानं ओले होते. "बारीक हायसा. जेवता का न्हाई?"

त्या दिवशी तिची विचारपूस करणारा हा पहिलाच प्रश्न होता.

अखेर खाली शालू ठरला. डाळिंबीच. आता तो अंगावर टाकून बघायला अंग हवं होतं. "आगं, नवरी कुठं गेली?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी एकदम इकडंतिकडं पाहिलं. दोघं बाहेर पळाले. कोणी मोरीचं दार वाजवलं. उत्तमराव उभे राहिले. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, नुसती टोपी इकडून तिकडं फिरत होती.

"मी वर आहे, दादा," तिनं फटीतून वडिलांना सांगितलं.

खालची सगळी तोंडं छताकडे वळली.

शिडी लावायला चार मिनिटं लागली. आधी खोकी हलवावी लागली. त्यातली दोन फुटली आणि परकरांची कापडं बोळभर पसरली. मग कोणाला आकडे अडकवायची घाई झाली आणि शिडी निसटली. अश्विनी भोकाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि समोरच्या भिंतीवरच्या, वायरी बाहेर आलेल्या खटक्याकडे पाहत होती. टिकल्यांची पुडकी, मशीनचं तेल, नायलॉनच्या घड्या. यातलं काय किती वेळात पेटतं याचा तिला साधारण अंदाज होता.

ती उतरली तेव्हा कोणी रागावलं नाही. उलट हसले. "वरनं साडी निवडत हुती," असं सचिनचा मामा म्हणाला. शालू तिच्या खांद्यावर पडला, माना हलल्या, शालू निघाला. तेवढ्यात ती शेठच्या गल्ल्याजवळ गेली.

"ती शिडी भिंतीला कायमची बसवून टाका. आजच."

"बघू ना ताई. लग्नसराई सरू द्या."

"लग्नसराईतच तर त्या वर असतात. मी आत अडकले होते. आग लागली असती तर?"

"आग लागली तर आम्ही शिडी लावणारच की."

"चार मिनिटं लागली तुम्हाला आता."

शेठचं हसू थोडं आखडलं, पण आवाज गोडच राहिला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगू का, राग मानू नका. शालू नवऱ्याकडचे घेतात. पसंत त्या मावशींनी केला. गिऱ्हाईक त्या आहेत. तुम्ही नेसणार आहात."

हे खरं होतं. शाळाकॉलेजात तिनं गिऱ्हाईक म्हणजे वस्तू वापरणारा असं धरलं होतं. इथं नवरीचा शालू सासरचे घेणार, नवऱ्याची सफारी तिचे वडील घेणार. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या बस्त्यात तिचं गिऱ्हाईकपण एका रुमालाएवढंही नव्हतं. ती दुकानावर तक्रार करायला गेली असती तर तिला पहिल्यांदा हेच विचारलं गेलं असतं, की यात तुमचं काय? ती परत येऊन साळूमावशीजवळ बसली.

गादीवर पांढरी चादर पसरली. साड्यांची चवड, वर शालू, शालूवर हळदकुंकू, एक नारळ. भागिरथीबाईंच्या घराची रीत अशी की गाठोड्याची पहिली गाठ नवरीनं मारायची. ती पडल्याशिवाय गाठोडं उचलत नाहीत, आणि ते उचलल्याशिवाय दुकानातलं कोणी जेवत नाही. साळूमावशीनं तिला पुढं ढकललं. चादरीची दोन टोकं तिच्या हातात आली.

तिनं ती हातात धरली आणि तशीच बसली.

"मार की," भागिरथीबाई म्हणाल्या.

"वरची शिडी भिंतीला बसवली की मारते."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग तिनं पुन्हा सांगितलं, जितक्या हळू आवाजात सांगता येईल तितक्या. मी वर अडकले होते. उद्या दुसरी कोणी अडकेल. शिडी बसवा, मी गाठ मारते. वरच्या कोणाचं नाव तिनं घेतलं नाही. उतरण्याआधी लंकाबाईनं तिचा दंड धरून एवढंच सांगितलं होतं, शिडी झाली तर बरंच हुईल, पन आमचं नाव काढू नका, उद्या आमी हितंच हाय.

"कुनाच्या दुकानात काय असंल ते तुझ्या बानं बघायचं का सासूनं?" सचिनची आत्या म्हणाली. "कापड घ्यायला आलो का माळा झाडायला?"

"असंल तिच्या वळखीचं कोन वर."

"नवरी हाय का लेबर इन्स्पेक्टर?"

उत्तमराव तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. "अश्वे, मार गं गाठ. मानसं उपाशी हायेत. घरी जाऊन बोलू आपन."

"घरी गेल्यावर काय बोलणार, दादा?"

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठून दारात गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. फळीवरच्या चपलांकडे पाहत होते की काय कोण जाणे. पाठमोऱ्या बापाकडे पाहणं तिला सगळ्यात जड गेलं.

मग सचिन आला. त्यानं तिला बोळात बोलावलं नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, आवाज खाली करून बोलला.

"तू म्हणतीस ते बरोबर आहे. पण आजच का? नंतर मी येऊन सांगतो शेठला."

"नंतर कशाला ऐकेल तो? आज आपण गिऱ्हाईक आहोत. गाठ मारली की नाही."

"लोक काय म्हणतायत, ऐकतीस ना?"

"मघाशी वरूनही ऐकत होते." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तू मला शोधलं नाहीस."

"मला वाटलं तू बायकांत असशील," तो म्हणाला. ते खरंही असेल. तो परत जाऊन आरशाजवळ उभा राहिला, आता हातात कापड नसताना.

वरून भोकाजवळ प्रज्ञाचा आवाज आला, दबका. "ताई, मारा गाठ. तुमचं लगीन मोडंल आन आमचं काम बी जाईल." अश्विनीच्या मुठीत चादरीची टोकं घामानं भिजली. आपण कोणाला न विचारता कोणाचं काम पणाला लावतो आहोत, हे तिला बसल्यापासून कळत होतं. तरी हात सुटत नव्हते. तिला वाटलं होतं, कोणीतरी एक जण येऊन शेजारी नुसतं बसेल. बोलायची गरज नव्हती. साळूमावशीसुद्धा सरकत सरकत दुसऱ्या बायकांत जाऊन बसली होती.

बाळ रडायला लागलं. बाहेर दुसऱ्या बस्त्याची माणसं येऊन उभी राहिली; त्यांनी आत डोकावून विचारलं, काय झालं. कोणीतरी त्यांना सांगितलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान वर करून छताकडे पाहिलं. मग त्यांच्या सगळ्यांनीच पाहिलं. आणि ते पायरीवरच थांबले, आत आले नाहीत. शेठनं ते बघितलं.

भागिरथीबाईंनी पानाची चंची उघडली, सुपारी कातरली, चंची बंद केली.

"शेठ. गिऱ्हाईक मी ना?"

"म्हणजे काय मावशी. तुम्हीच."

"मग ठोका ती शिडी. मला साडेपाचची गाडी गाठायचीय. ही उठायची न्हाई, मी वळकलं हिला."

"मावशी, सुतार आता कुठं..."

"सुतार मिळंपर्यंत आमी समुरच्या दुकानात बसतो. त्यांचा चहा बरा हाय."

सुतार नाही, पण फॅब्रिकेशनवाला मिळाला. भिंतीत भोकं पाडायचा आवाज दुकानभर घुमला आणि साड्यांवर विटेची लाल भुकटी बसली. वर आणि खाली मिळून चार बोल्ट बसले. भागिरथीबाई कमरेवर हात ठेवून बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि शिडीला त्यांनी स्वतःच्या वजनानं एक हिसका दिला. मग त्या गादीवर परत आल्या, अश्विनीसमोर बसल्या, आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलल्या.

"आज मी तुझं ऐकलं. आता तुला जल्मभर माझं ऐकायचं हाय. ध्यानात ठेव."

अश्विनीनं गाठ मारली.

बेलापूरला परतणाऱ्या जीपमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. माणसं दाटीवाटीनं बसली होती, एक जण तर दाराला लोंबत होता, तरी ती जागा रिकामी राहिली. उत्तमरावांनी तिला भिंगारच्या नाक्यावर उतरवलं आणि "जप," एवढंच म्हणाले.

लग्न मोडलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी सचिन आला नाही. ती रसवंतीच्या बाकावर बसली, एक ग्लास घेतला, मग उठली. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या फोनवर त्याचा निरोप होता: घरी कामं आहेत. खोलीवर ती स्टोव्ह पेटवायची, भात लावायची, आणि भाताच्या वाफेनं झाकण किती उचलतं ते पाहत बसायची. कधी पहाटे लवकर जाग आली तर खिडकीत उभी राही. प्रज्ञा दोन गल्ल्या पलीकडून जात असणार. खिडकीतून ती गल्ली दिसत नव्हती.

स्टाफरूममध्ये गणिताच्या मॅडमच्या भाच्याच्या बस्त्याचा विषय निघाला तेव्हा अश्विनी म्हणाली, "मॅडम, दुकानात गेल्यावर एक विचाराल? वर शिवायला कोण बसतं, आणि त्या खाली कशा येतात."

"अगं बाई, साड्या बघू का शिडी बघू?" मॅडम हसल्या. सगळेच हसले. माळ्यावर अडकलेल्या नवरीची गोष्ट तोवर एसटीत, भाजीबाजारात, सगळीकडे पोचली होती. शेवट निरनिराळा सांगितला जायचा. एका आवृत्तीत ती पळून गेली होती.

पण चार दिवसांनी मॅडमच म्हणाल्या, "विचारलं गं मी. तीन दुकानांत विचारलं. एकाकडे शिडी लावलेली होती. एकानं माळ्याकडचं दार लावून घेतलं, तिथून आम्ही उठलो. तिसरा म्हणाला, या साली जो तो आधी माळाच विचारतोय, साड्यांचं कोणी विचारीना."

"किती जणांनी विचारलं असेल?"

"मी काय मोजत बसले का?"

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा ब्लाउज तयार असल्याची चिठ्ठी आली. सचिन बरोबर येणार होता, आला नाही. अश्विनी एकटीच गेली, भर दुपारी. दुकान रिकामं होतं. शेठनं तिला ओळखलं आणि नाराजी लपवायचा फारसा प्रयत्न केला नाही.

"ब्लाउज बांधून ठेवलाय, ताई. घ्या आणि जा."

"माप बघितल्याशिवाय नेणार नाही. ज्यांनी शिवला त्यांना एकदा खाली बोलवा. सगळ्यांना. एकच मिनिट."

"सगळ्यांना कशाला?"

"सासूबाईंना सांगायचंय, शिडी चालते म्हणून." हे खोटं होतं. भागिरथीबाईंनी बस्त्यानंतर तिच्याशी एक अक्षर काढलं नव्हतं. पण शेठनं ते नाव ऐकलं आणि कानिफनाथला मान हलवली.

ती बोळात जाऊन उभी राहिली. शिडीपुढं खोकी नव्हती. तिनं बोल्ट हातानं चाचपले. वर प्रज्ञाचा चेहरा आला.

"आगं बया. लगीन हाय का अजून?"

"आहे. एक काम करा. मी हाक मारली की सगळ्या उतरा. वर पेटलंय असं समजून."

"शेठ चिडंल."

"त्यानंच सांगितलंय."

वर कुजबुज झाली. लंकाबाई काहीतरी म्हणाली आणि कोणीतरी हसलं. मशीनं थांबली. अश्विनीनं मनगट वर केलं, घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबली आणि हाक मारली.

आधी प्रज्ञा उतरली, उलटी न होता, तोंड पुढं करून, तीन पायऱ्या राहिल्यावर उडी मारून. मागोमाग मशीनवरच्या दोघी. मग टिकल्या लावणारी. लंकाबाई सगळ्यात शेवटी, एका हातात लुगड्याचा घोळ, तोंडात सुई. तिचे दोन्ही पाय फरशीवर टेकले तेव्हा अश्विनीनं काट्याकडे पाहिलं.

पाच जणी. एकोणचाळीस सेकंद.